दवाखान्याचा हिशेब गावाने मागायचा, म्हणजे नेमके काय?

मागच्या व्याख्यानात आपण 'दया' आणि 'हक्क' ह्या दोन कल्पनांमधला फरक पाहिला होता. दयेत देणारा मोठा असतो; घेणाऱ्याला 'का दिले नाही?' असे विचारता येत नाही. हक्कात ते विचारता येते. किंबहुना तसे विचारता येणे हाच हक्काचा अर्थ. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने आम्हाला जिन्यात गाठले आणि म्हणाले, "सर, हे सगळे ठीक आहे, पण विचारायचे कुणाला? आणि कुठे उभे राहून?" त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आले नाही. आज जे बोलणार आहोत ते त्या जिन्यातल्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर समजा.

उदाहरण आरोग्याचे घेऊ. कारण आरोग्याच्या बाबतीत 'आम्हाला त्यातले काय कळते, डॉक्टरांना विचारा' असे म्हणून आपण सगळेच लवकर मोकळे होतो. आणि आरोग्य धोरण म्हटले की डोळ्यांसमोर मंत्रालयाचा सहावा-सातवा मजला येतो, जाडजूड अहवाल येतो. पण जरा थांबा. उपकेंद्राचे कुलूप किती वाजता उघडते, बाळंतिणीला रात्री न्यायला गाडी मिळते की नाही, गावात हातपंप कुठल्या वस्तीत बसतो, दारूचे दुकान शाळेच्या वाटेवर राहते की हलते, हे सगळे कुणीतरी ठरवलेले असते. कुणी ठरवले नसेल तर ते आपोआप बलवानाच्या सोयीने ठरते. ह्यालाच आपण स्थानिक आरोग्य धोरण म्हणू. ते कागदावर नसले तरी असतेच.

हातपंपाचे नाव घेतले ते उगीच नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केले, ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. लोक त्यांच्याविषयी सांगताना गावातल्या अशिक्षित बायकांना त्यांनी आरोग्यसेविका केले, हे सांगतात, आणि ते खरेच मोठे काम आहे. पण आम्हाला त्यांच्या कामातला पंपाचा भाग जास्त शिकवून गेला. दुष्काळाच्या दिवसांत गावोगाव कूपनलिका घेतल्या जात होत्या. त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या जाव्यात असे आरोळे दांपत्याने पाहिले. म्हणजे पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे यायचे. दूषित पाण्याने होणारा अतिसार हा वैद्यकाचा विषय, आणि पंप कुठे बसवायचा हा सत्तेचा विषय. पण गावात ह्या दोन गोष्टी एकाच खड्ड्यात उतरतात. आरोग्याचे राजकारण करू नका असे म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमी विचारतो, की मग तो पंप तुम्ही कुठे बसवला असता?

आता उलट बाजू. लोकांना न विचारता केलेले आरोग्य धोरण कसे असते, ह्याचा धडा पुण्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच घेतला आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात शिरला. 1897 च्या फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला. रँडच्या हाताखाली सोल्जर घरोघर शिरू लागले, माणसे उचलून छावणीत नेऊ लागले, सामान जाळू लागले. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर रोगी वेगळे काढणे ही काही मूर्ख कल्पना नव्हती. पण परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले, प्रेते लपवू लागले. म्हणजे साथ आटोक्यात आणण्यासाठी जी माहिती हवी तीच नाहीशी झाली. 22 जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास सगळ्यांना पाठ आहे. त्याच मार्च महिन्यात, 10 तारखेला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हेही आता बऱ्याच जणांना माहीत झाले आहे. दोन्ही घटना एका साथीतल्या, एकाच शहरातल्या. एका ठिकाणी रोग्याकडे बंदूक घेऊन माणूस गेला, दुसऱ्या ठिकाणी हात देणारी बाई गेली. पुढच्या काही वर्षांत सरकारनेही सक्तीचा हात सैल केला आणि स्थानिक स्वयंसेवकांची, वजनदार माणसांची मदत घ्यायला सुरुवात केली. ते काही प्रेमाने नव्हे, सक्ती चालत नाही हे कळल्यामुळे. आणि मंडळी, तोच 1897 चा कायदा 2020 साली कोविडमध्ये पुन्हा बाहेर काढावा लागला, हे आपण पाहिलेच.

तर लोकांना विचारणे हे शोभेचे काम नाही, ते कामाचाच भाग आहे. हे जगाने 1978 साली अल्मा-आटाच्या जाहीरनाम्यात मान्य केले. आपल्या आरोग्यसेवेचे नियोजन आणि अंमलबजावणी ह्यांत एकट्याने आणि मिळून भाग घेणे हा लोकांचा हक्कही आहे आणि कर्तव्यही, असा त्याचा आशय. आपल्याकडे 73 व्या घटनादुरुस्तीने जी अकरावी अनुसूची आली, तिच्यात पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांत आरोग्य व स्वच्छता आहे, आणि त्यात प्राथमिक आरोग्य केंद्रे नि दवाखाने ह्यांचाही उल्लेख आहे. कागद भक्कम आहे. कागदावर आपण कधीच कमी पडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात प्रत्येक गावाला आरोग्य समिती, आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती, गावाला दर वर्षी 10 हजार रुपयांचा मुक्त निधी अशा तरतुदी आल्या. 'मुक्त' म्हणजे वरून बांधून न दिलेला, गावाने ठरवून खर्च करायचा. आणि त्याच्या जोडीला एक कलम आले : सेवा मिळतात की नाही ह्यावर लोकांनी देखरेख करायची. 2007 पासून नऊ राज्यांत हा प्रयोग म्हणून सुरू झाला. महाराष्ट्रात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पाच जिल्हे घेतले; दर जिल्ह्यात तीन तालुके, दर तालुक्यात तीन आरोग्य केंद्रे, दर केंद्राखाली पाच गावे, म्हणजे एकूण 225 गावे. पुण्याची 'साथी' ही संस्था राज्यपातळीवर समन्वय करत होती, जिल्ह्यांत वेगवेगळ्या संस्था-संघटना होत्या. लोकाधारित देखरेख व नियोजन असे त्याचे नाव. नाव सरकारी आहे, पण कल्पना सरकारी कचेरीत जन्मलेली नाही. जन आरोग्य अभियानातली मंडळी त्याआधीपासून जनसुनवाया घेत होती. 2004 साली राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने त्यांच्या बरोबरीने देशाच्या वेगवेगळ्या भागांत आरोग्यहक्काच्या सुनावण्या घेतल्या होत्या. चळवळीने आधी रस्त्यावर जे करून दाखवले ते नंतर योजनेत आले. धोरण असे बनते. क्वचित बनते, पण असेच बनते.

पद्धत साधी आहे. गावात बायकांची बैठक घ्यायची, नुकत्याच बाळंत झालेल्यांना वेगळे विचारायचे, आशाताईंशी, नर्सताईंशी बोलायचे, आरोग्य केंद्रात जाऊन औषधांचे कपाट बघायचे. लसीकरण, गरोदरपणातली तपासणी, साथीच्या वेळची पाहणी, अंगणवाडी, निधीचा वापर, जननी सुरक्षेचे पैसे मिळाले का, असे विषय. ग्रामीण भागातल्या पात्र बाळंतिणीला ह्या योजनेत 700 रुपये मिळायचे असतात. रक्कम आपल्याला लहान वाटेल. जिला मिळत नाही तिला वाटत नाही. मग प्रत्येक विषयापुढे रंग भरायचा : हिरवा, पिवळा, लाल. तो तक्ता गावात लावायचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही लाल रंग कळतो. नंतर तक्त्यातल्या गोष्टी आणि लोकांचे अनुभव घेऊन जनसुनवाई. मांडव, समोर लोक, मंचावर अधिकारी, पंच म्हणून बाहेरची काही माणसे, आणि सर्वांदेखत प्रश्न-उत्तरे.

आम्ही चार-पाच निवृत्त शिक्षक अशाच एका सुनावणीला बघे म्हणून गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण त्या आरोग्य केंद्राला बदनाम करण्यात आम्हाला रस नाही. तिथे जे पाहिले ते मात्र सांगायला हवे.

एक आजी उभ्या राहिल्या. त्यांच्या सुनेला बाळंतपणानंतर औषध बाहेरून आणायला लावले, असे त्यांचे म्हणणे. वैद्यकीय अधिकारी तरुण होते, चांगले वाटत होते. त्यांनी शांतपणे साठ्याची नोंदवही उघडली आणि दाखवली : औषध 'उपलब्ध'. मंडपात क्षणभर शांतता. नोंदवहीवर शिक्का, सही, तारीख. आणि समोर लुगड्याचा पदर सावरत उभी असलेली एक म्हातारी. आपण तिथे असतो तर कुणावर विश्वास ठेवला असता? प्रामाणिकपणे सांगतो, आमच्यातल्या एकाने कानात म्हटले, "म्हातारीचा काहीतरी गोंधळ झाला असेल." मग आजींनी कमरेची पिशवी काढली. तिच्यात प्लास्टिकच्या कागदात रेशनकार्ड, आणि रेशनकार्डात घडी घातलेली चिठ्ठी. बाहेरून औषध आणण्याची चिठ्ठी. खाली आरोग्य केंद्राचाच शिक्का.

इथे आम्हाला आमचा विषय आठवला. न्यायदर्शनात चार प्रमाणे सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे आप्ताचे वचन. आता आप्त कोण? आपली समजूत अशी की आप्त म्हणजे कुणीतरी मोठा, ऋषिमुनी. पण न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन काय म्हणतो? ज्याने वस्तू जशी आहे तशी जाणली आहे आणि ती तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या तिघांनाही सारखेच लागू पडते. दीड हजार वर्षांहून जुने वाक्य आहे हे. आम्ही ते तीस वर्षे वर्गात शिकवले, परीक्षेला विचारले, पेपर तपासले, आणि त्या मंडपात आजी उभ्या राहिल्यावर आमच्या बाकावरचा माणूस म्हणतो की गोंधळ झाला असेल! औषधाच्या बाबतीत आजी आप्त होत्या. वस्तू त्यांनी जाणली होती, कारण पैसे त्यांच्या पिशवीतून गेले होते. आणि तशीच सांगण्याची इच्छा असल्याशिवाय दिवसाची मजुरी बुडवून कोण येतो?

इंग्लंडच्या मिरांडा फ्रिकर ह्या तत्त्वज्ञ बाईंनी 2007 साली ह्यावर एक पुस्तकच लिहिले. माणूस कोण आहे ह्यावरून त्याच्या सांगण्याची किंमत कमी धरणे हा एक स्वतंत्र प्रकारचा अन्याय आहे, असे त्या म्हणतात. त्याला ज्ञानाच्या क्षेत्रातला अन्याय म्हणू. गावात आरोग्यासाठी संघटन करायचे म्हणजे पहिल्यांदा हा अन्याय दूर करायचा. एकटी बाई म्हणाली तर ती तक्रार, पंधरा गावच्या बायकांनी एकाच तक्त्यावर तोच लाल रंग भरला तर ती माहिती. संघटनेचे हे काम लोकांच्या लक्षात येत नाही. संघटना म्हणजे घोषणा आणि मोर्चा, एवढेच आपल्याला वाटते. पण संघटना विखुरलेल्या अनुभवाचे प्रमाणात रूपांतर करते.

बरे, पण नोंदवही खोटी होती का? तसेही नाही, आणि इथे गोष्ट जास्त गुंतागुंतीची होते. डॉक्टरांनी पुढे सांगितले की मागणी जेवढी पाठवली त्याच्या निम्मासुद्धा साठा आला नव्हता. काही गोळ्या कपाटात शिल्लक ठेवाव्या लागतात, रात्रीबेरात्री कुणी अत्यवस्थ आले तर. त्या शिल्लक असतात म्हणून वहीत 'उपलब्ध'. म्हणजे वहीही आपल्या परीने खरे बोलत होती! प्रश्न 'औषध आहे का?' असा होता, म्हणून उत्तर 'आहे' असे आले. 'मागायला येणाऱ्या प्रत्येकीला मिळते का?' असा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि वहीत त्याचा रकानाही नव्हता. कुठला रकाना छापायचा हे ज्याच्या हातात, त्याच्या हातात अर्धे धोरण.

आता ह्याचा अर्थ पाहा. दोष त्या डॉक्टरचा नव्हता, पुरवठ्याचा होता. गावातून निघालेली चिठ्ठी तालुक्याला, जिल्ह्याला, शेवटी राज्याच्या औषधखरेदीच्या पद्धतीपर्यंत जाऊन भिडते. डॉ. अनंत फडके आणि जन आरोग्य अभियानातली मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली की तमिळनाडूसारखी स्वायत्त, पारदर्शक खरेदी यंत्रणा इथेही उभारा. महाराष्ट्रात औषधखरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा 2023 साली झाला. त्याचे श्रेय कुणाचे हा वाद आपण घालायला नको, आणि कायदा झाला म्हणजे कपाट भरले असेही नाही. पण आजींच्या रेशनकार्डातली घडी आणि विधिमंडळातला कायदा ह्यांच्यामध्ये एक रस्ता असू शकतो, एवढे लक्षात ठेवा. तो आपोआप तयार होत नाही. कुणीतरी शे-दोनशे चिठ्ठ्या गोळा करून, तारीखवार लावून, वरपर्यंत न्याव्या लागतात. भयंकर कंटाळवाणे काम आहे ते. चळवळीतली गाणी सगळ्यांना आवडतात, चिठ्ठ्यांच्या फायली लावायला मात्र दोन माणसे उरतात.

त्याच सुनावणीत दुसरी एक गोष्ट घडली, जी आम्हाला आजही अस्वस्थ करते. एका वस्तीत नर्सताई महिनोन् महिने आल्या नाहीत असा मुद्दा निघाला. नर्सताई तिथेच होत्या. त्या उभ्या राहिल्या, बोलू लागल्या आणि रडू लागल्या. डोंगराळ भागात साधारण 3 हजार लोकवस्तीला एक उपकेंद्र असा निकष आहे. त्यांच्या शेजारचे पद रिकामे होते, म्हणून दोन उपकेंद्रांचा भार त्यांच्यावर, वस्ती ओढ्यापलीकडे, पावसाळ्यात वाट नाही, गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचे. मंडपातल्या काही बायकांचे डोळे भरले. मागून मात्र एक तरुण ओरडला, "निलंबित करा!" टाळ्याही पडल्या.

आमचा आक्षेप त्या टाळ्यांना आहे. जनसुनवाईत ज्यांना समोर उभे करता येते ते सगळे खालच्या पायरीवरचे असतात : आशा, नर्स, फार तर वैद्यकीय अधिकारी. पद भरण्याचा आदेश ज्याच्या टेबलावर पडून आहे तो त्या मंडपात कधीच येत नाही. मग लोकांचा राग जवळ जो सापडेल त्याच्यावर निघतो. गरीब बाई आणि तिच्यापेक्षा जराशी बरी असलेली बाई ह्यांना समोरासमोर उभे करून जर आपण लोकशाही म्हणणार असू, तर ती फसवणूक आहे. ह्या प्रक्रियेत मुरलेल्या कार्यकर्त्यांना हे कळते. त्या दिवशीही पंचांपैकी एका बाईंनी माईक घेतला आणि ठराव बदलून घेतला : नर्सताईंवर कारवाई नव्हे, रिक्त पद भरण्याची मागणी, आणि ती मागणी नर्सताईंच्या सहीसह जिल्ह्याला पाठवायची. टाळ्या कमी पडल्या. पण धोरण घडवायचे असेल तर ठराव असाच लागतो. बोट माणसाकडून व्यवस्थेकडे वळवणे हे संघटकाचे सर्वांत अवघड कौशल्य आहे, आणि ते कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत शिकवता येत नाही.

ह्या प्रयोगाने फरक पडला का, असा प्रश्न नेहमी येतो. पहिल्या फेऱ्यांच्या मानाने पुढच्या फेऱ्यांत तक्त्यांवर हिरवा रंग वाढला, हे खरे. पण आम्ही तत्त्वज्ञानाची माणसे, शंका काढणारच. ज्यांनी देखरेख केली त्यांनीच रंग भरले. मग सुधारणा सेवेत झाली की रंग भरणाऱ्यांच्या नजरेत? ही शंका रास्त आहे. मात्र काही बदलांना ही शंका लागू होत नाही. औषधांची यादी भिंतीवर लागली तर ती सगळ्यांना दिसते. आधी बेकायदा मागितले जाणारे पैसे मागणे थांबले, तर खिशाला कळते. आणि ज्या बाईने आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात धरला, तिच्या बदलासाठी आमच्याकडे मोजपट्टी नाही, म्हणून तो बदल झाला नाही असे म्हणणे बरोबर होणार नाही.

शेरी आर्नस्टीन ह्या अमेरिकन बाईंनी 1969 साली लोकसहभागाची एक आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सगळ्यांत खाली लोकांना नुसते वापरून घेणे, मध्ये माहिती देणे, सल्ला घेणे, वर भागीदारी, आणि शेवटी प्रत्यक्ष अधिकार. ही शिडी आपल्या गावच्या समितीला लावून बघा. सही करण्यापुरती बोलावलेली समिती कुठल्या पायरीवर? कितीतरी गावांत समितीच्या सदस्यालाच ठाऊक नसते की आपण सदस्य आहोत. इतिवृत्त लिहिलेले असते, चहाचा खर्चही टाकलेला असतो. ब्राझीलने 1990 च्या कायद्याने आरोग्य परिषदांत निम्म्या जागा सेवा घेणाऱ्या नागरिकांना दिल्या. आपल्याकडे लोकांना बोलायला जागा मिळाली आहे, पण निर्णयाच्या वेळी हात वर करायची जागा अजून फारशी मिळालेली नाही. देखरेख म्हणजे पाहणे. पाहणाऱ्याला ठरवता येतेच असे नाही.

ठरवता येते असे एक उदाहरण मात्र आपल्याच राज्यात आहे, आणि त्याला कुणी आरोग्य धोरण म्हणत नाही : आडवी बाटली. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के जणींनी सह्या करून दारूचे परवानाधारक दुकान बंद करण्याची मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते. मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रे, एक उभी बाटली, एक आडवी. दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. ह्यातली मेख लक्षात आली का? झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हे, यादीतल्या एकूण महिलांच्या निम्मी. म्हणजे जी आली नाही ती उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली गेली. ऊसतोडीला गेलेली, लग्न होऊन गेलेली पण यादीत राहिलेली, आजारी, नवऱ्याने कोंडून ठेवलेली, सगळ्या विरुद्ध बाजूला. आमदार निवडून यायला अशी अट आपण घालतो का? तरीही बायकांनी गावेच्या गावे जिंकली आहेत, कारण त्या दिवशी घराघरांतून एकेक बाई काढून केंद्रावर नेण्याचे काम त्यांनी केले. संघटन ह्या शब्दाचा इतका नेमका अर्थ आम्हाला दुसरीकडे सापडलेला नाही.

आणि जिंकल्यावर? गडचिरोलीत लोकांच्या मोठ्या आंदोलनानंतर 1993 साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. शेजारच्या चंद्रपूरला 2015 साली झाली आणि 2021 साली उठलीही. बंदी बरी की वाईट, चोरटी दारू वाढते की नाही, ह्यावर प्रामाणिक मतभेद आहेत, आमच्या घरातही आहेत. पण एवढे दिसते की लोकांनी मिळवलेला निर्णय टिकवायला लोकच लागतात. मिळवताना जमलेली माणसे दुसऱ्या दिवशी घरी गेली, की निर्णय पुन्हा त्यांच्याकडे जातो जे कधीच घरी जात नाहीत.

वेळ होत आली. दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत, ते घेऊ.

पहिला : "हे सगळे खेड्याचे झाले, शहरात आम्ही काय करायचे?" 2013 नंतर राष्ट्रीय शहरी आरोग्य अभियानात वस्त्यांमधून महिला आरोग्य समित्यांची तरतूद आहे, साधारण पन्नास ते शंभर घरांमागे एक. त्या वस्त्यांपुरत्या आहेत. आपण इथे बसलेले बहुतेक जण विमा काढून मोकळे झालेलो आहोत. आपल्या प्रभागातला महापालिकेचा दवाखाना कुठे आहे, हे ठाऊक असणाऱ्यांनी हात वर करा. … चार. सभागृहात दीडशे माणसे तरी असतील. तिथे आपली कामवाली जाते, रिक्षावाला जातो. ज्या दवाखान्यात आपण जात नाही त्याचा हिशेब आपण मागत नाही, आणि जे जातात त्यांना मागू दिला जात नाही. सुरुवात करायची तर आधी तिथे जाऊन रांगेत बसा, एखाद्या सोमवारी. फक्त बसा आणि काय काय बाहेरून आणायला सांगतात ते लिहून घ्या.

दुसरा प्रश्न : "त्या आजींचे पुढे काय झाले?" चांगले विचारलेत. आम्ही त्या सुनावणीच्या संयोजकांकडे नंतर चौकशी केली होती. औषधाचा साठा दोन महिन्यांनी आला. चिठ्ठीचे पैसे आजींना परत मिळाले, रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून, बऱ्याच पत्रव्यवहारानंतर. नर्सताईंच्या शेजारचे पद आम्ही विचारले तेव्हा रिकामेच होते. पुढच्या सुनावणीच्या विषयपत्रिकेत ते पहिल्या क्रमांकावर घेतले होते, आणि आजी पुन्हा येणार होत्या.